वेगाचा मापारी : विल्हेल्म ओस्टवाल्ड

दिवाळीच्या दिवसांत घरोघर पाक उकळत असतो. तो उकळत असताना आई किंवा आजी त्यात लिंबाचे चार थेंब पिळते. असे कां करावयाचे म्हणून विचारले, तर पाक साखरू नये म्हणून, एवढेच उत्तर मिळते. आणि ते उत्तर अगदी बरोबर आहे. लिंबातील आम्लामुळे उसाच्या साखरेचा काही अंश फुटून त्याच्या दोन निराळ्या साखरा बनतात आणि त्या मिसळल्या की पाकात पुन्हा खडे धरत नाहीत. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, साखर बदलते, पण आम्ल खर्ची पडत नाही. ते जेवढे घालावे तेवढेच शेवटीही शिल्लक राहते. स्वतः न संपता दुसऱ्या पदार्थांमधील क्रियेचा वेग बदलणाऱ्या अशा पदार्थाला रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात.

आता एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनात असा प्रश्न येईल, की लिंबाच्या आम्लाऐवजी दुसरे आम्ल घातले तर काम अधिक लवकर होईल काय? होईल तर किती पट? दोन उत्प्रेरकांमध्ये श्रेष्ठ कोणता, हे ठरवावयाचे तरी कशाने? हा साधा दिसणारा प्रश्न ज्याने आयुष्यभर धरून ठेवला आणि ज्याच्या उत्तरातून आजच्या खतांच्या कारखान्यांची वाट निघाली, त्या विल्हेल्म ओस्टवाल्ड या शास्त्रज्ञाचे चरित्र विद्यार्थी मित्रांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

ओस्टवाल्ड यांचा जन्म २ सप्टेंबर १८५३ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या रीगा या शहरी झाला. हे शहर आज लाटव्हिया देशाची राजधानी आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात होते. ओस्टवाल्ड यांचे घराणे जर्मन होते आणि वडील लाकडी पिंपे बनविणारे कुशल कारागीर होते. तीन भावांतील विल्हेल्म मधले. घरी श्रीमंती नव्हती, पण मुलांच्या उद्योगांना मज्जावही नव्हता. अकराव्या वर्षीच विल्हेल्मला शोभेची दारू करण्याचा नाद लागला. पुढे छायाचित्रणाचे वेड लागले, आणि त्यासाठी लागणारी साधने व रसायने तो आपल्या हातांनीच तयार करू लागला. चित्रकला, वाचन आणि संगीत हे छंद होतेच. या सर्वांचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. शाळेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करण्यास या मुलाला सात वर्षे लागली! परीक्षेत मागे पडलेला विद्यार्थी पुढे नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला, हे ऐकून अभ्यासाकडे पाठ फिरविण्यास कोणी मोकळा झाला असे मात्र समजू नये. त्या सात वर्षांत त्याचे हात आणि डोळे क्षणभरही रिकामे नव्हते.

१८७२ साली ते दोर्पात येथील विद्यापीठात दाखल झाले. हे गाव आज टार्टू या नावाने एस्टोनियात आहे. तेथे कार्ल श्मिट या रसायनशास्त्रज्ञाची आणि आर्थर फॉन एटिंगेन या भौतिकशास्त्रज्ञाची शिकवण त्यांना लाभली. एका गुरूकडून पदार्थ ओळखावयास आणि दुसऱ्याकडून मोजावयास ते शिकले. त्या काळचे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ नवनवे पदार्थ तयार करण्यात गढलेले असत. कोणत्या पदार्थापासून काय होते, हे त्यांना कळे. पण ते किती वेळात होते, इकडे फारच थोड्यांचे लक्ष असे. ओस्टवाल्ड यांचे लक्ष नेमके तिकडे वळले. १८७८ साली त्यांनी डॉक्टर ही पदवी मिळविली, १८८० साली हेलेन फॉन रायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८८१ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते रीगा येथील तंत्रविद्यालयात प्राध्यापक म्हणून परत आले.

रीगा येथे त्यांनी जो उद्योग आरंभिला तो म्हणजे आम्लांची शर्यत लावण्याचा. मेथिल ॲसेटेट नावाचा एक द्रव पाण्यात मिसळला, की त्याचे हळूहळू विघटन होते. त्यात एखादे आम्ल घातले की ते विघटन त्वरेने होऊ लागते. निरनिराळी आम्ले तुल्य प्रमाणात घ्यावयाची, उष्णमान सर्वत्र एकच ठेवावयाचे, ठरावीक वेळाने थोडेथोडे द्रावण काढून क्रिया किती पुढे गेली ते तपासावयाचे, असा हा क्रम होता. दुसरी शर्यत उसाच्या साखरेची. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला असता त्याचे प्रतल उजवीकडे वळते आणि साखर फुटून तिच्या दोन साखरा झाल्या की ते डावीकडे वळते. म्हणजे नळीला हातही न लावता, केवळ प्रकाशाकडे पाहून आतल्या क्रियेचा वेग सांगता येतो. आपल्या स्वयंपाकघरातील पाकाचीच ही गोष्ट. फक्त येथे हाती घड्याळ होते.

या शर्यतीचे निकाल पाहण्यासारखे आहेत. हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रभाव १०० धरला, तर मेथिल ॲसेटेटच्या बाबतीत नत्राम्लाचा ९१.५, गंधकाम्लाचा ५४.७ आणि व्हिनिगरमध्ये असणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा अवघा ०.३४५ भरला. साखरेच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे १००, ५३.६ आणि ०.४ असे आले. क्रिया दोन, पदार्थ अगदी निराळे, मोजण्याची रीतही निराळी. तरी आम्लांचा अनुक्रम एकच, आणि आकडेही एकमेकांच्या जवळपासचे! ज्या अर्थी असे घडते, त्या अर्थी या आम्लांच्या अंगी असा काही एक गुण असला पाहिजे, की ज्याचे माप कोणत्याही शर्यतीत सारखेच उमटावे. तो गुण कोणता, हे मात्र ओस्टवाल्ड यांना अजून कळले नव्हते.

ते कळण्याचा दिवस जून १८८४ मध्ये उगवला. त्या एकाच दिवशी ओस्टवाल्ड यांच्या वाट्यास तीन गोष्टी आल्या : असह्य दाढदुखी, एक कन्यारत्न आणि टपालाने आलेला एक प्रबंध. प्रबंधाचा कर्ता होता स्वीडनमधील स्वान्ते आऱ्हेनियस नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण. त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाने त्या प्रबंधाला कशीबशी उत्तीर्णतेची श्रेणी दिली होती. त्यात आम्लांच्या द्रावणांतून विजेचा प्रवाह किती सुलभतेने वाहतो, याचा विचार केलेला होता, आणि हाच गुण आम्लाच्या बळाशी निगडित असावा असे सुचविलेले होते. ओस्टवाल्ड यांनी तत्काळ आपल्या संग्रहातील आम्ले काढली आणि त्यांची विद्युतवाहकता मोजावयास घेतली. हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०० धरून नत्राम्लाचे ९९.६, गंधकाम्लाचे ६५.१ आणि ॲसेटिक आम्लाचे ०.४२४ आले. तिसऱ्या शर्यतीचा निकालही पहिल्या दोहोंशी जुळला! द्रावणात आम्लाचे विद्युत्भारित कण सुटे होतात, आणि जे आम्ल अधिक सुटे होते तेच विजेलाही वाट देते व क्रियेलाही वेग देते, हे मर्म त्यातून पुढे स्पष्ट झाले.

येथे ओस्टवाल्ड यांच्या स्वभावाचा मोठेपणा दिसतो. वास्तविक ते प्राध्यापक होते आणि आऱ्हेनियस एक उपेक्षित विद्यार्थी. परंतु ते स्वतः प्रवास करून त्याच ऑगस्टमध्ये उप्सालास त्याच्या भेटीला गेले आणि त्याला रीगा येथे अध्यापकाची जागा देऊ केली. परक्या विद्यापीठातील प्राध्यापक आपल्या मुलाला नेण्यासाठी आला, हे पाहून मग उप्सालाच्या पंडितांनाही जाग आली, आणि त्यांनी आऱ्हेनियसला आपल्याकडे जागा दिली. १९०३ साली आऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१८८७ साली ओस्टवाल्ड जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी डच शास्त्रज्ञ व्हांट हॉफ यांच्या सहकार्याने या नव्या शास्त्राला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. देशोदेशींचे विद्यार्थी लाइपझिगला येऊ लागले. १८९४ साली आपल्या नियतकालिकात दुसऱ्या एका लेखकाच्या लेखाचा गोषवारा देताना त्याची उत्प्रेरकाविषयीची कल्पना त्यांना पटेना. म्हणून त्यांनी तेथेच आपली व्याख्या मांडली. स्वीडनचे बर्झेलियस यांनी या विषयाला १८३५ च्या सुमारास नाव दिले होते खरे. पण उत्प्रेरकात काही गूढ शक्ती वसते, अशी कल्पना तोपर्यंत अनेकांची होती. ओस्टवाल्ड यांनी ते गूढ दूर सारले. जी क्रिया मुळात घडणे शक्यच नाही ती उत्प्रेरक घडवू शकत नाही. तो केवळ वेग बदलतो, स्वतः अंतिम पदार्थांत सामील होत नाही आणि क्रिया शेवटी जेथे स्थिरावणार ते ठिकाणही तो बदलू शकत नाही, असे त्यांनी प्रतिपादिले. वेग ही मोजता येणारी वस्तू आहे. म्हणून कोणत्याही उत्प्रेरकाची महती त्याच्या नावावरून किंवा किमतीवरून न ठरविता घड्याळाने ठरवावी, हा या व्याख्येचा इत्यर्थ होता.

आता या कथेतील कसोटीचा प्रसंग आला. त्या काळी युरोपातील शेतीला लागणारे नत्र मुख्यत्वे दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या सोऱ्यातून येई. इंग्लंडचे विल्यम क्रुक्स यांनी १८९८ साली असा इशारा दिला होता, की हे साठे संपले तर गव्हाचा तुटवडा पडेल. यास्तव हवेतील नत्रवायू उपयोगात आणण्याचा मार्ग रसायनशास्त्रज्ञांनी शोधला पाहिजे. ओस्टवाल्ड यांनी १९०० साली नत्रवायू आणि हायड्रोजन यांचे मिश्रण तापलेल्या लोखंडी तारेवरून नेले, आणि त्यांना अमोनिया मिळाला! ज्याची सारे जग वाट पाहत होते ते हाती आले, असे त्यांना वाटले. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि जर्मनीतील मोठ्या रासायनिक कारखान्यांना आपला शोध देऊ केला.

लुडविग्सहाफेन येथील बाडिशे कारखान्याने, म्हणजे आजच्या बी. ए. एस. एफ. ने, हा प्रयोग पडताळून पाहण्याचे काम कार्ल बॉश नावाच्या एका नव्या नोकराकडे सोपविले. बॉश तेव्हा सव्वीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी प्रयोग केला, अमोनिया येईना. पुनःपुन्हा केला, साधने बदलली, आणि अखेर त्यांना कारण सापडले. अमोनिया मिळाला होता तो हवेतील नत्राचा नव्हताच. लोखंडातच पूर्वीपासून नत्र मुरलेले होते, त्याचे नायट्राइड बनले होते; तापविल्यावर हायड्रोजनशी संयोग होऊन तेच अमोनियाच्या रूपाने बाहेर पडत होते. कणगीत साठविलेले धान्य काढावे आणि शेतात पीक आले असे समजावे, तसा हा प्रकार झाला होता. कणगी रिकामी होईपर्यंतच असले पीक पुरावयाचे! स्वतः न संपणारा तो उत्प्रेरक, अशी व्याख्या ज्यांनी जगाला दिली, त्यांच्याच हातून संपणाऱ्या वस्तूला उत्प्रेरक म्हटले गेले होते.

ओस्टवाल्ड त्या वेळी सत्तेचाळिसाव्या वर्षात होते, युरोपभर त्यांचे नाव होते; आणि चूक दाखविणारा होता कालपरवा नोकरीस लागलेला एक तरुण. प्रारंभी त्यांना ते रुचले नाही. अननुभवी माणसाकडे काम दिल्यामुळे असे झाले, असा त्यांचा ग्रह झाला. मनुष्यस्वभावाला धरूनच ते होते. परंतु पुरावा समोर आला तेव्हा त्यांनी तो नाकारला नाही. पेटंटचा अर्ज त्यांनी मागे घेतला. आपणच सर्वांच्या हाती दिलेल्या मापाने आपलेच माल कमी भरला, तेव्हा मापाला दोष न देता माल उचलून नेणारा हा प्रामाणिक मापारी होता.

खचून न जाता त्यांनी प्रश्नाची दुसरी बाजू घेतली. अमोनिया हाती आला तर त्यापासून नत्राम्ल कसे करावयाचे? तापलेल्या प्लॅटिनमच्या सान्निध्यात हवा व अमोनिया यांचा संयोग होऊन नत्राम्लाकडे जाता येते, हे फ्रान्सच्या क्यूलमान यांनी १८३८ सालीच दाखविले होते. पण कारखान्यात उपयोगी पडेल असे त्यातून काही निष्पन्न झाले नव्हते. ओस्टवाल्ड आणि त्यांचे सहायक एबरहार्ड ब्राउअर यांनी पुन्हा तुलना आरंभिली. प्लॅटिनम एकच, पण त्याची रूपे अनेक. ॲस्बेस्टसवर चढविलेल्या बारीक प्लॅटिनमने अल्पच लाभ झाला. आतून प्लॅटिनम लावलेल्या अरुंद नळीने निम्म्याहून अधिक अमोनिया सत्कारणी लागला. गुळगुळीत पत्र्याची गुंडाळी वापरून वायू वेगाने नेला, तेव्हा हे प्रमाण शेकडा ८५ च्या घरात गेले.

असे कां व्हावे? बारीक, सच्छिद्र प्लॅटिनम हे अधिक उग्र खरे. पण ते क्रिया इष्ट टप्प्यावर थांबू देत नाही, तयार झालेला पदार्थ पुन्हा मोडून त्याचा नत्रवायू करून टाकते. म्हणून वायू आणि धातू यांचा सहवास सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागापुरताच ठेवणे त्यांना हितावह दिसले. यातून मोठा बोध मिळाला. जो उत्प्रेरक सर्वांत जोरदार तो सर्वांत उपयुक्त असेलच असे नाही. किती वेगाने काम करतो याबरोबरच, नेमके कोणते काम करतो हेही मोजले पाहिजे. १९०२ साली इंग्लंडमध्ये या रीतीचे पेटंट नोंदले गेले. जर्मनीत मात्र क्यूलमान यांचा शोध आधीचा म्हणून ते मिळाले नाही.

इकडे अमोनियाचा प्रश्न फ्रिट्स हाबर यांनी प्रचंड दाबाच्या साहाय्याने जुलै १९०९ मध्ये सोडविला. त्यांचे उत्प्रेरक होते ऑस्मियम आणि युरेनियम. पहिले अतिदुर्मिळ, दुसरे ओलाव्याने बिघडणारे. स्वस्त आणि टिकाऊ उत्प्रेरक शोधण्याचे काम बॉश यांनी आल्विन मिटाश यांजवर सोपविले. हे मिटाश पूर्वी शाळामास्तर होते. शिकवता शिकवता त्यांनी लाइपझिगला ओस्टवाल्ड यांच्याच संस्थेत डॉक्टर पदवीचा अभ्यास केला होता. त्यांनी लहान लहान नळ्या तयार करविल्या, प्रत्येकीत थोडासा निराळा पदार्थ भरला, आणि सर्वांची एकाच परिस्थितीत परीक्षा घेतली. १९१२ च्या आरंभापर्यंत सुमारे २,५०० पदार्थांच्या ६,५०० परीक्षा झाल्या होत्या. आणि जिंकले कोण? लोखंड! शुद्ध लोखंड दुबळे ठरले होते, पण स्वीडनच्या खाणीतील लोहखनिज उत्तम ठरले. त्यातील भेसळीचा शोध घेत अखेर लोखंडात ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आणि पोटॅशसारखे क्षार अल्प प्रमाणात मिसळण्याची युक्ती निघाली. १९०० साली ज्या धातूने ओस्टवाल्ड यांना दगा दिला, तोच धातू कसून पारखल्यावर साऱ्यांत विश्वासू निघाला. सप्टेंबर १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे कारखाना सुरू झाला.

ओस्टवाल्ड यांना १९०९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उत्प्रेरण, रासायनिक समतोल आणि क्रियांचा वेग यांवरील कार्याबद्दल. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक माघार घेतली. अनेक वर्षे ते अणू ही केवळ कल्पना आहे, सारे जग ऊर्जेनेच समजावून सांगता येते, असे आग्रहाने सांगत असत. पण इंग्लंडचे जे. जे. टॉमसन आणि फ्रान्सचे पेरँ यांच्या प्रयोगांनी अणूंचा पुरावा पुढे आला, तेव्हा त्यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच आपले मत बदलल्याचे जाहीर केले.

१९०६ साली अध्यापन सोडून ते ग्रोसबोथेन या खेड्यात राहावयास गेले. आपल्या घराला त्यांनी ऊर्जा हेच नाव दिले होते. तेथे रंगांचे शास्त्र, चित्रकला आणि आंतरराष्ट्रीय भाषा यांत ते रमले. या चरित्राला एक काळी कडाही आहे, ती झाकणे योग्य नव्हे. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा जर्मनीच्या बाजूने काढलेल्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही होती. आणि ज्या नत्राम्लापासून खत होते त्याच नत्राम्लापासून त्या युद्धात स्फोटकेही झाली. उत्प्रेरकाला इष्ट-अनिष्ट कळत नाही. ते कळण्याची जबाबदारी माणसाची. ४ एप्रिल १९३२ रोजी लाइपझिग येथे त्यांचे निधन झाले.

आज पृथ्वीवरील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न कृत्रिम नत्रखतावर अवलंबून आहे. बडोद्याच्या वेशीवरील खत-कारखान्यात अमोनिया तयार होतो, तुर्भे येथे नत्राम्लही होते. तेथील यंत्रांच्या पोटात लोखंडाचे खडे आणि प्लॅटिनमची जाळी आपले काम मुकाट्याने करीत असतात. त्या पदार्थांची निवड कोणाच्या शब्दावरून झालेली नाही. ती हजारो परीक्षांतून झालेली आहे. पुढच्या वेळी आईने पाकात लिंबू पिळले की घड्याळाकडे अवश्य पाहावे. आणि वर्गातील प्रयोगात आपला आकडा चुकला, नि शेजारच्या मुलाने तो दाखवून दिला, तर वहीवर हात ठेवून तो झाकण्यापूर्वी, अर्ज परत घेणाऱ्या त्या वृद्धत्वाकडे झुकलेल्या प्राध्यापकाची क्षणभर आठवण करावी.